उठवणारा आणि दाखवणारा : शिकारी कुत्र्यांच्या दोन तालमी

मुसलमान आणि कुत्रा हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडे विषय लगेच नापाकी आणि धुण्यापुरता उरतो. बिगरमुस्लिम मित्र विचारतात, "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" आणि आपली मुलंही "नाही चालत" एवढंच सांगून मोकळी होतात. फिकहचा मसला आपल्या जागी आहेच. पण सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरं शिकवणाऱ्यांसाठी जो शब्द आला आहे, तो 'मुकल्लिबीन'. त्याचं मूळ 'कल्ब', म्हणजे कुत्रा. अल्लाहने माणसाला दिलेल्या ज्ञानातून माणूस जनावराला शिकवतो आणि अशा शिकवलेल्या जनावराने धन्यासाठी धरलेली शिकार हलाल ठरते, असा त्या आयतीचा आशय आहे. अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये याच्या अटी स्पष्ट होतात. कुत्रा शिकवलेला हवा, सोडताना अल्लाहचं नाव घेतलेलं हवं आणि त्याने शिकार स्वतः खाल्लेली नसावी. इब्न कय्यिम यांनी यावरूनच इल्मची फजिलत सांगितली आहे. अडाणी कुत्र्याने मारलेलं हराम आणि शिकलेल्याने धरलेलं हलाल, म्हणजे इल्मने कुत्र्याचाही दर्जा बदलतो. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता ही तालीम म्हणजे नेमकं काय? तितर, लावा, बटेर अशा जमिनीवर राहणाऱ्या पाखरांच्या शिकारीत कुत्र्यांच्या दोन वेगळ्या शाळा तयार झाल्या.

पहिली शाळा पाखरू उठवणाऱ्या कुत्र्यांची. स्पॅनियल जातीचे कुत्रे यात येतात. स्प्रिंगर आणि कॉकर ही त्यातली प्रसिद्ध नावं. हा कुत्रा झुडपात, काट्यात, गवतात घुसतो, वास काढतो आणि पाखराला उडायला लावतो. त्याची हद्द ठरलेली असते. शिकाऱ्यापासून तो बंदुकीच्या टप्प्यापेक्षा लांब जात नाही, कारण लांब उठलेलं पाखरू कुणाच्याच कामाचं नसतं. पाखरू उडालं की चांगला शिकलेला स्प्रिंगर जागच्या जागी बसतो, पाठलाग करत नाही.

दुसरी शाळा पाखरू दाखवणाऱ्या कुत्र्यांची. पॉइंटर आणि सेटर हे त्यातले. हा कुत्रा मोकळ्या माळावर वाऱ्याकडे नाक करून लांबलांब पळतो, कधी शेकडो मीटर पुढे जातो. वास मिळाला की दगडासारखा थबकतो. शेपूट ताठ, अनेकदा पुढचा एक पाय उचललेला, नाक पाखराच्या दिशेने. शिकारी सावकाश चालत येईपर्यंत तो तसाच उभा राहतो. सोबतचा दुसरा कुत्रा पहिल्याला थबकलेला पाहून, वास न येताही, मागे थांबतो. थबकण्याची ओढ काही अंशी रक्तातच असते, लहान पिल्लंही ती दाखवतात. पण हुकूम मिळेपर्यंत थांबून राहणं शिकवावं लागतं.

कोणता कुत्रा चांगला, हा वाद जुना आहे. त्याचं उत्तर हत्यारावर आणि पाखरावर अवलंबून असतं. बंदूक येण्याआधी उठवणारा कुत्रा बाजाचा जोडीदार होता. कुत्रा पाखरू उठवायचा आणि वरून बाज झडप घालायचा. थबकणारा कुत्रा जाळ्याचा जोडीदार होता. तो दबून बसायचा आणि माणसं पाखरांवर जाळं ओढायची. फ्रान्सच्या गास्तों फेबसने चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या शिकारग्रंथात स्पॅनियलची ही दोन्ही कामं सांगितली आहेत. इंग्लंडच्या डॉ. जॉन कीझ यांनी 1570 च्या लॅटिन पुस्तकात सेटरचं वेगळं वर्णन केलं. पुढे बंदूक आली. नळीच्या तोंडातून दारू भरायला वेळ लागायचा, तेव्हा शिकाऱ्याला सावध होण्याची फुरसत देणारा पॉइंटर भाव खाऊन गेला. 1865 मध्ये इंग्लंडात पॉइंटर-सेटरची पहिली मैदानी परीक्षा झाली, स्पॅनियलची त्यानंतर 1899 मध्ये.

हे सगळं युरोपचं वाटेल. पण बाजासोबत कुत्रा हा मुस्लिम जगाचाही जुना मामला आहे. सीरियातल्या शैजरच्या किल्ल्यात वाढलेला उसामा इब्न मुन्किज (1095-1188) आपल्या आठवणींत वडिलांच्या शिकारीबद्दल भरभरून लिहितो. त्यांच्याकडे पळणारे सलूकी होते आणि झुडपातून पाखरं उठवणारे 'जगारी' कुत्रेही होते. बाज आणि कुत्रे आणायला ते माणसं थेट कॉन्स्टँटिनोपलला पाठवत. हेच वडील स्वतःच्या हाताने कुरआनच्या प्रती लिहून काढत. कुत्र्यांची पारख आणि कुरआनची किताबत एका घरात नांदत होती आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती.

आपल्या हिंदुस्थानात अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो की अकबराला कुत्रे आवडत, देशोदेशीहून ते मागवले जात आणि काबूलकडचे, विशेषतः हजारा मुलखातले, उत्तम मानले जात. पण तितर धरण्याची रीत तो वेगळीच सांगतो. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा आणि भोवती केसांचे फासे लावायचे. तो ओरडला की रानातला तितर भांडायला येतो आणि अडकतो. इथे कुत्र्याचं कामच नाही.

ही रीत वाचून मराठवाड्यातल्या माणसाला फासेपारधी आठवल्याशिवाय राहत नाहीत. पूर्णा आणि खेळणा नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या जाफराबादच्या आसपास काळी शेतं, बांध, बाभळी आणि पलीकडे अजिंठ्याच्या रांगेचे उतार आहेत. अशा भूमीत तितर राहतो आणि त्याची खोड अशी की शक्यतो तो उडत नाही, पळतो. थबकलेला पॉइंटर उभाच राहतो आणि तितर बांधाबांधाने निघून जातो. तितरासाठी उठवणारा कुत्रा बरा. लावा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत दबून बसतो, त्याच्यासाठी दाखवणारा बरा. शिवाय ऊन चढलं, जमीन तापली की वास टिकत नाही. नाकाने काम करणाऱ्या कुत्र्याची वेळ पहाटेच्या दवापुरती. थंड मुलखातल्या कुत्र्याला इथली उष्णता आणि गोचिडांचा ताप सोसत नाही तो वेगळाच.

म्हणूनच दख्खनची स्वतःची जात नाकाची नाही, डोळ्याची आहे. लातूर-नांदेडकडचा कारवान आणि कर्नाटक सीमेवरचा मुधोळ हे उंच, सडपातळ कुत्रे ससा दिसला की वाऱ्यासारखे सुटतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. 2005 मध्ये मुधोळवर टपाल तिकीट निघालं आणि 2016 मध्ये हे कुत्रे सैन्याच्या मेरठ केंद्रात तालमीसाठी गेले. हा कुत्रा उठवत नाही, दाखवतही नाही, तो धरतो. माइदाच्या आयतीतला मसला थेट त्यालाच लागू होतो.

बंदुकीचा मसला निराळा. गोळीने किंवा छऱ्याने मेलेलं पाखरू धारेने नव्हे, आघाताने मेलं, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलेमांनी ते जिवंत हाती येऊन जबह होण्याची अट घातली. इतर काही आलिमांनी सवलत दिली. जुन्या शिकारकथांत बार झाला की सुरी घेऊन धावणारा मुसलमान शिकारी भेटतो तो यामुळेच. पडलेलं पाखरू दात न लावता झटपट आणून देणाऱ्या कुत्र्याची किंमत अशा माणसाला वेगळी कळत असणार.

आज ही शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने तिचे दरवाजे लावले. गायरानं आक्रसत असताना तितराला आणखी एक शत्रू नको. पण कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. बंदूकवाल्या साहेबाची शिकार 'खेळ' म्हणवली गेली. पोटासाठी फासे लावणाऱ्या जमातींवर मात्र 1871 च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात झाली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. एका समाजाला एका शब्दात गुंडाळणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दाखवणाऱ्या कुत्र्याला मात्र नवं काम मिळालं आहे. न्यूझीलंडमध्ये 1890 च्या दशकात रिचर्ड हेन्री या रक्षकाने तोंडाला जाळी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो हे दुर्मीळ पक्षी शोधून सुरक्षित बेटावर हलवले. नाक तेच आणि शिकवण्याची रीतही तीच होती, फक्त हेतू उलटा झाला. तालमीने जनावराला काय करायचं ते कळतं. ते कशासाठी करायचं, हे ठरवण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर असते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" असं विचारलं, तर नापाकीच्या मसल्यासोबत 'मुकल्लिबीन' हा शब्दही त्याला सांगावा.