जनुकाचा सातबारा

कोल्हापुरात जमिनीचा वाद निघाला की पहिला प्रश्न येतो, सातबारा कुठाय? जनुकांच्या इतिहासातला एक वादही असाच पत्त्यावरून सुटला. आज आपण तो बघूया.

पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात. बाहेरून आलेला 'वाढ' हा निरोप ती आत पोचवतात. त्यांना वाढघटकांचे ग्राही म्हणतात. असा एक ग्राही म्हणजे ईजीएफ या वाढघटकाचा. त्याचं जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे १९८० साली शोधलं गेलं. हा ग्राही नसलेली उंदराची पेशी माणसाच्या पेशीशी जोडायची. अशी संकरित पेशी वाढताना माणसाची गुणसूत्रं हळूहळू गाळते. मग कोणत्या पेशी ईजीएफला धरून ठेवतात, ते तपासायचं. धरणाऱ्या पेशींत माणसाचं ७ वं गुणसूत्र टिकलेलं दिसलं. पुढं हा पत्ता ७पी१२ असा लिहिला जाऊ लागला. म्हणजे खरोखरच सातबारा!

याच काळात अमेरिकेत एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाधी काम करत होते. उंदरांच्या न्यूरोब्लास्टोमा गाठींतलं कर्करोगकारी जनुक एक विशिष्ट प्रथिन तयार करतं, हे त्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. या जनुकाला 'न्यू' नाव मिळालं. नंतर ते ईजीएफ ग्राहीच्या जनुकाशी फार मिळतंजुळतं निघालं. मग प्रश्न पडला, हे तेच जनुक की वेगळं? १९८५ मध्ये उत्तर आलं. माणसातलं न्यू १७ व्या गुणसूत्रावर होतं. गट नंबर वेगळा, म्हणजे जमीनही वेगळी. त्याच वर्षी अ‍ॅक्सेल उलरिक यांच्या गटाला सापडलेलं 'हर-२' जनुकही १७ वरच निघालं. ही दोन नावं एकाच जनुकाची होती.

पत्त्याचा उपयोग काय? १९८७ मध्ये डेनिस स्लेमन यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत हर-२ च्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या रुग्णांत आजार लवकर उलटत होता. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध मंजूर झालं.

आज स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात हर-२ '२+' आलं, तर निर्णय लागत नाही. तेव्हा फिश चाचणी करतात. पेशीत जनुकाचे चमकते ठिपके आणि १७ व्या गुणसूत्राच्या मध्याचे ठिपके मोजतात. जनुकाचे ठिपके साधारण दुप्पट किंवा जास्त भरले, तर हे औषध देण्याचा विचार होतो. १७ हा पत्ता माहीत नसता, तर ही तुलना करताच आली नसती. म्हणून घरात कुणाचा अहवाल '२+' आला, तर फिश झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.