वाटेवरचं जेवण: शिदोरीपासून फूड मॉलपर्यंत

देवदर्शनाला जायचं असो, माहेरी जायचं असो, की गटाचा माल घेऊन प्रदर्शनाला जायचं असो, गाडीत बसून दोन तास झाले की एकच विषय निघतो, "खायला कुठे थांबायचं?" चहा बरा हवा, भाकरी गरम हवी, खिशाला परवडायला हवं आणि बायकांना जाता येईल असा स्वच्छ संडास हवा. आज आपण या थांबण्याचाच इतिहास बघू या. रस्त्यावर कोण शिजवतं, कोण बसून खातं आणि पैसे कोणाच्या गल्ल्यात पडतात, हे काही आपोआप ठरलेलं नाही.

पूर्वी वाटेत शिजवलेलं विकत घेऊन खाण्याची रीत फारशी नव्हती. माणूस घरून शिदोरी घेऊन निघायचा. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस टिकायच्या. सोबत चटणी, कांदा, गुळाचा खडा. लांबचा प्रवास असला तर गावातल्या वाण्याकडून शिधा घ्यायचा, विहीर आणि सावली बघून तीन दगडांची चूल मांडायची. म्हणजे वाटेवरचं जेवण खरं तर घरातल्या बाईच्या हातचंच असायचं, फक्त फडक्यात बांधलेलं.

वाटसरूची सोय करण्यातही बायकांची नावं आहेत. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव गुहा आहे, जवळ पाण्याची टाकी आहेत. त्या गुहेच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. पुढे १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याबाहेरही, देशभरातल्या तीर्थांच्या ठिकाणी आणि वाटांवर, विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं चालवली. त्यांचा जन्म आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. आषाढी वारीत वाटेवरच्या गावांतल्या बायका आजही घरोघरी भाकऱ्या थापून दिंड्यांना जेवू घालतात. ही सगळी देण्याची परंपरा झाली. विकण्याची गोष्ट नंतर सुरू झाली.

ती सुरू झाली चाकांमुळे. १८३० साली बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढायला कर्जतला गाडीला जादा इंजिन जोडावं लागे, म्हणून गाडी तिथे थांबे. या थांब्यावरच कर्जतचा बटाटेवडा नावारूपाला आला. यात एक साधा नियम दिसतो: जिथे गाडीला थांबावंच लागतं, तिथे चूल पेटते. घाटाचा पायथा, नदीवरची तर, जकातनाका, रेल्वेचं फाटक ही सगळी खाण्याची ठिकाणं झाली ती याच कारणाने.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. गावोगावी एसटी पोहोचली तशी नाक्यानाक्यावर चहाची टपरी, मिसळ, भजी, उसळ-पाव आला. रायगडात रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया पळसाच्या पानांत करवंदं, जांभळं घेऊन बसू लागल्या. कुठे उकडलेल्या शेंगा, कुठे काकडी, कुठे पेणचे पोह्याचे पापड, कुठे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. भांडवल एक टोपली. गाडी थांबली की धंदा.

पण मैत्रिणींनो, बाकड्यावर बसायला सगळ्यांना जागा नव्हती. कित्येक हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असायची आणि ती त्यांनीच धुवायची. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला झाला, शिजलेलं अन्न मातीत गेलं. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या संविधानाचं पंधरावं कलम वाचा. त्यात दुकानं, खाणावळी, हॉटेलं, विहिरी, तळी आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, जात किंवा बाई-पुरुष या कारणावरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही, असं ते सांगतं. आपण एकट्या बाईने हॉटेलात शिरून चहा मागतो, तेव्हा हे कलम आपल्या पाठीशी असतं.

आता शिजवणाऱ्यांकडे बघू. कोकणातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकांनी चालवल्या, त्याही एका खोलीत. किराणा उधारीवर, पैसा सावकाराचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. "तारण काय?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, एकमेकींची हमी. आपल्या बचत गटांचा पाया आज याच गोष्टीवर उभा आहे. पण महामार्गाच्या ढाब्यांवर चित्र अजून जुनंच दिसतं. "घरगुती जेवण" अशी पाटी पुढे, भाकऱ्या थापणारी बाई मागे धुरात, आणि गल्ल्यावर दुसरंच कोणी.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्यावर पायी चालायला, दुचाकीला, बैलगाडीला बंदी आहे. वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरच आहे, जीव आधी. पण मग टोपली घेऊन उभी राहणारी बाईही त्या रस्त्यावरून गेली. खाणं आलं फूड मॉलमध्ये, जिथे गाळा घ्यायला मोठी रक्कम लागते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तोही असाच बंदिस्त. शिवाय गावाबाहेरून वळणरस्ता किंवा नाक्यावरून उड्डाणपूल झाला, की खालचा नाका ओस पडतो. गाडी थांबत नाही, मग चूल कशी पेटणार?

म्हणून दोन कामं आपल्या हातात आहेत.

पहिलं काम प्रवासी म्हणून. घाई नसेल तर जुन्या रस्त्याने जा, किंवा फाट्यावर उतरून गावात शिरा. पंक्चरवाल्याला, पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला विचारा, "दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता?" जिथे मालट्रक उभे आहेत आणि गावचे लोकही जेवताहेत, जिथे पदार्थ मोजके आणि भाकरी डोळ्यांसमोर थापली जाते, तिथे बसा. पाणी आणि संडास आधी बघा, नसेल तर मालकाला स्पष्ट सांगा. बाई चालवत असेल तर आवर्जून तिथेच थांबा.

दुसरं काम गट म्हणून. आपल्या गावाजवळ रस्ता रुंद होणार, पूल होणार असं कळलं, की मोजणी होऊन गेल्यावर नव्हे, आधीच ग्रामसभेत उभं राहायचं. सेवा रस्ता कुठे येणार, गाड्या कुठे थांबणार, तिथे महिला गटांना जागा आणि संडासाची सोय मिळणार का, हे विचारायचं आणि ठरावात लिहून घ्यायचं. अन्न सुरक्षेची नोंदणी गटाच्या नावाने करून ठेवायची, म्हणजे कागद नाही म्हणून कोणी परत पाठवणार नाही.

भाकरी आपलीच आहे. आता पाटीवर नाव आणि गल्ल्याची किल्लीही आपलीच असू द्या. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा.