विध्वंसक वर्तन आणि प्रबलनाचा उपाय

काशीचा अहिल्याबाई घाट दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा हा घाट मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. समजा, तेथे सायंआरतीच्या गर्दीत बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा घंटानाद सुरू होताच पूजेचे ताट भिरकावतो आणि स्वतःच्या हाताला चावतो. आईवडील त्याला तत्काळ दूर नेतात. मुलगा शांत होतो. परंतु ताट फेकले की त्रास संपतो, हेही तो शिकतो.

ज्या परिणामामुळे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, त्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. विध्वंसक वर्तनालाही असे प्रबलन मिळत असते. कधी इतरांचे लक्ष, कधी हवी ती वस्तू, कधी नकोशा प्रसंगातून सुटका, तर कधी त्या कृतीतूनच मिळणारी संवेदना. ब्रायन इवाटा व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करण्यामागील अशी कारणे शोधण्याची पद्धत मांडली.

भारतात सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनमापन श्रेणी प्रसिद्ध केली. रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी ती तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात ७५ समस्यावर्तनांची नोंद असून हिंसक व विध्वंसक वर्तनाचा स्वतंत्र गट आहे.

कारण कळल्यावर भेदात्मक प्रबलन वापरले जाते. वरील मुलाला कान झाकणे किंवा ‘बाहेर चला’ असे चित्र दाखवणे शिकवावे आणि तसे करताच त्याला बाहेर न्यावे. दुसऱ्या प्रकारात ठरावीक काळ तोडफोड न झाल्यास आवडती गोष्ट दिली जाते. हा काळ हळूहळू वाढवतात. जुन्या वर्तनाला मिळणारा लाभ थांबताच ते प्रारंभी वाढू शकते. त्या वेळी माघार घेतल्यास अधिक तीव्र वर्तनच पक्के होते. म्हणून इजेचा धोका असल्यास हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

हे आमिष नव्हे. आमिष गोंधळ थांबवण्यासाठी दिले जाते. प्रबलन योग्य कृतीनंतर मिळते. मात्र आधी कानदुखी, दातदुखी यांसारखी कारणे वैद्यकीय तपासणीने पडताळणे आवश्यक आहे. मारहाणीने मूल काही काळ थांबेल, पण मागणे शिकणार नाही. बोलता न येणाऱ्या मुलाचे फेकलेले ताट हे अनेकदा त्याचे न उच्चारलेले वाक्य असते.