देवगिरीचा हिशेबनीस आणि पॅरिसचे दोन पियानो

परवा शनिवारी पहाटेच मुळशीला पळालो. तसं बघायला गेलं तर हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मी मुळशीतच पडीक असतो. पण पौड मागे टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागल्याशिवाय 'मुळशीला आलो' असं काही वाटत नाही. धरणाच्या काठाला गाडी लावली, थर्मासमधला चहा ओतला आणि दोन पियानोंचं एक फ्रेंच रेकॉर्डिंग सुरू केलं. ऑलिव्हिए मेसियाँचं 'व्हिझिओं द लामेन'. सात भाग, पाऊण तासाचा ऐवज.

पहिल्यांदा ऐकलं होतं तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं. लहानपणी पाच वर्षं तबला बडवलाय, त्यामुळे काहीही वाजलं की हात आपसूक मांडीवर ताल धरायला जातो. इथे धरताच येईना. सम कुठेय? आवर्तन किती मात्रांचं? वैतागून शोधाशोध केली, आणि शोध घेता घेता जाऊन पोचलो थेट देवगिरीला!

देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. तेराव्या शतकात तिथे यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा माणूस होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत उतरलेले. वडील सोढल हे श्रीकरणाधिपती, म्हणजे हिशेब खात्याचे प्रमुख (पुढे याच पदावर हेमाडपंत आला), आणि शार्ङ्गदेवही त्याच खात्यातला. दिवसा जमाखर्च, उरलेल्या वेळात 'संगीतरत्नाकर'! नोकरी सांभाळून असले उद्योग करणारा हा आपला पूर्वजच म्हणायचा. स्वतःला 'निःशंक' म्हणवून घ्यायचा, हेही मला फार आवडलं.

सात अध्यायांच्या त्या ग्रंथातला पाचवा अध्याय तालाचा. त्यात १२० देशी तालांची यादी आहे, द्रुत, लघू, गुरू, प्लुत अशा मापांत मांडलेली. लघू एक धरला तर द्रुत अर्धा, गुरू दोन, प्लुत तीन. हिशेबनिसाची वहीच जणू. हा ग्रंथ १८९६-९७ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला. अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगची पुस्तकं घ्यायला शंभर वेळा गेलो असेन, पण दोन पावलांवर काय आहे ते कधी बघितलं नाही.

पुढे १९१३ मध्ये फ्रान्समधल्या एका संगीत-विश्वकोशात जोआनी ग्रोसे या अभ्यासकाने भारतीय संगीतावर लांबलचक लेख लिहिला आणि त्यात ही १२० तालांची यादी दिली. ती तरुण मेसियाँच्या हाती पडली. हा माणूस पॅरिसच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, कट्टर कॅथलिक. त्याने यादी अक्षरशः पिंजून काढली.

उदाहरण म्हणून रागवर्धन ताल घ्या. मापं २, ३, २, १२. मेसियाँने तो उलटा केला, १२ चे ४-४-४ असे तुकडे पाडले: ४, ४, ४, २, ३, २. शेवटचे २-३-२ बघा, पुढून मागून सारखेच. अशा लयींचं त्याला वेड होतं. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. १५ जानेवारी १९४१ ला गर्लित्झच्या छावणीत, कैद्यांसमोर, त्याची चार वाद्यांची रचना पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोची लय १७ मापांची आहे, तीन देशी ताल जोडून केलेली, आणि स्वरगुच्छ २९. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे ४९३ ठोक्यांशिवाय जोडी परत जुळत नाही. भाग त्याच्या खूप आधी संपतो! कैदेत बसून माणसाने न संपणारं चक्र लिहिलं. देवगिरीची मापं वापरून. हे वाचलं तेव्हा खरंच गलबलून आलं.

सुटून आल्यावर तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागला. वर्गात इव्हॉन लोरिओ नावाची विद्यार्थिनी होती. तिच्यासाठी आणि स्वतःसाठी त्याने ही दोन पियानोंची रचना लिहिली. १० मे १९४३ ला, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, दोघांनी ती वाजवली. ती १९ वर्षांची. अवघड लयी आणि घंटानाद तिच्याकडे, मुख्य चाली त्याच्याकडे. १९६१ मध्ये त्यांनी लग्न केलं. असो.

आता माझी तक्रार. मेसियाँने तालातून फक्त लांबी उचलली. ठेका नाही, सम नाही, फिरून घरी येणं नाही. आमच्या तबल्याच्या सरांनी ऐकलं असतं तर 'हा ताल नव्हे, तालाचा सांगाडा' म्हणाले असते, आणि मला ते पटलं असतं. पण मग दुसऱ्या बाजूने बघितलं तर... त्या १२० तालांपैकी किती आज आपल्या मैफिलीत ऐकू येतात? मी पाच वर्षांत त्रिताल, झपताल, रूपक, एकताल वाजवले. रागवर्धन हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. त्याच यादीतला 'तुरंगलील' आज जगभर माहीत आहे तो मेसियाँच्या १९४९ साली बोस्टनला पहिल्यांदा वाजलेल्या सिंफनीच्या नावामुळे. आपण बासनात बांधून ठेवलं, त्याने मोडतोड करून का होईना वाजवलं. यात जास्त गुन्हेगार कोण, माझं अजून ठरत नाहीये.

शेवटचा भाग चालू असताना मांडीवर २-३-२-१२ धरून बघितलं. बाराच्या लांबीत दर वेळी चुकत होतो. तिसऱ्यांदा जमलं, तेवढ्यात मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. गाडी त्याच्या वाटेत लावली होती.