कडीपाट : माडीच्या लाकडी जमिनीचा इतिहास

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस व गाभाऱ्याचा दगड यांचीच वाखाणणी होते. लाकडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक देशावरील जुने वाडे काय, किंवा देवळांचे नगारखाने व सभामंडप काय, यांचा सारा डोलारा बहुधा लाकडाच्या सांगाड्यावर उभा असे. आज गावोगावी मंदिरांचे उद्धार होत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याच गावांतून वाड्यांच्या माड्या उतरवून सागवानी फळ्या ट्रकने बाहेर जात आहेत. म्हणून या फळ्यांची थोडी हकिकत येथे देणे उचित ठरेल.

आपल्याकडे तळमजल्याची जमीन शेणाने सारवलेली, सधन घरी शहाबादी फरशीची. लाकडी जमीन ती माडीची. खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, आणि त्यांवर मातीचा थर देऊन सारवण किंवा चुन्याचा कोबा. याला कडीपाट म्हणतात. खाली बसणाऱ्याचे ते छत आणि वर बसणाऱ्याची जमीन. खांबांमधील गाळ्यास खण म्हणत व घर किती खणांचे यावरून घराण्याची ऐपत समजे.

या कामी सागाला मान फार. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी त्यास सहजासहजी लागत नाही व पाण्यानेही तो लवकर कुजत नाही. सालीकडील पांढऱ्या लाकडात मात्र हा गुण नसतो. सागाची ही किंमत राज्यकर्तेही जाणून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. साग-शिसव परवानगीने तोडावे, मात्र रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसाला बळजबरीने हात लावू नये, असा त्यांचा आशय आहे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरविलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज दुरुस्त होऊन इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. दोनशे वर्षे पाण्यात राहिलेले हे लाकूड घराच्या छपराखाली किती टिकेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

लाकडाचा खरा वैरी अग्नी. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला; १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. राहिले ते दगडी जोते, तट, दरवाजे व दिल्ली दरवाजावरील नगारखाना. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ साली जळाला, परंतु तेथे दुरुस्ती झाली, म्हणून आजही त्याचे खांब व नक्षी पाहावयास मिळतात. आग लागली तरी वास्तू संपतेच असे नाही.

लाकडावरचा लोकांचा विश्वास उडाला तो भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून दगड-माती-लाकूड म्हणजे मृत्यू, अशी समजूत रुजली. ती अर्धीच खरी आहे. माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड भिंती कोसळून आणि माळवदावरील मातीच्या ओझ्याने. दर दोन-चार वर्षांनी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती टाकावयाची, जुनी काढावयाची नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालल्याने काही माळवदांवर दीड-दोन फुटांपर्यंत थर साचला होता. उलट ज्या घरांत खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तेथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी छत वर राहिले. दोष लाकडाच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

माडी खचली की कारण बहुधा दोनांपैकी एक असते. एक, वरील मातीचा भार. दुसरे, कडीचे भिंतीत पुरलेले टोक. भिंतीची ओल तेथे मुरते, वाळवी तेथूनच शिरते, मधली कडी व फळ्या मात्र ठणठणीत असतात. पण घरधनी टोक पाहत नाही, झोल पाहतो आणि सबंध माडी मोडीत काढतो. कोणी फळ्यांवर सिमेंटचा कोबा घालतो. तोही उपाय वाईटच. भार वाढतो, ओल आत कोंडते आणि कोब्याला तडे जातात ते वेगळेच.

जाणता सुतार प्रथम वरची माती उतरवितो, कड्यांची टोके पटाशीने टोचून पाहतो, कुजलेले टोक कापून जोड देतो किंवा खाली आधार घेतो. फळ्यांवर खडूने क्रमांक घालून त्या सुट्या करतो. जुने लोखंडी खिळे आत मोडून राहतात. ते काढल्याखेरीज रंधा चालविला तर पाते जाते. वरची बाजू झिजली असल्यास फळी पालटून खालची बाजू वर घेता येते. मग हलका रंधा, काचकागद आणि जवसाचे तेल. चकाकी हवी असल्यास चपडी लाखेचे पॉलिश. हे काम वेळखाऊ आहे व हल्ली असे कसबी हातही कमी झाले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु गेलेला साग परत मिळणे अवघड. राज्यात १९६४ च्या कायद्यानुसार स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही परवानगी लागते. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून अखंड लाकडाची निर्यात बंद केली. अर्थात व्यापारी जुन्या फळ्यांसाठी उगाच खेड्यांत येत नाहीत. त्यांना वयस्क झाडाच्या गाभ्याचे, पुरते मुरलेले लाकूड हवे असते, आणि ते येथे डोक्यावरच्या छतात पडून असते.

ज्यांना माडी राखावयाची आहे त्यांनी काम उन्हाळ्यात काढावे, मात्र फळ्या एकमेकींस अगदी भिडवून ठोकू नयेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, हे घट्ट बसणाऱ्या दाराने प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून दोन फळ्यांत नाणे जाईल इतकी फट ठेवतात.