दोन आण्यांची जमीन

१८४७ साली मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीसाठी एक संयुक्त अहवाल सिद्ध झाला. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांनी त्यात मातीचे मोल आण्यांत बांधून दिले. पावणेदोन हात खोल, बारीक कणांची काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून खाली उतरत जाणारे एकूण नऊ वर्ग, आणि अगदी तळाशी भरड, मुरमाड, जेमतेम पाव हात खोलीची जमीन. तिचे मोल दोन आणे. हा हात अठरा इंचांचा होता, म्हणजे वीतभरही माती नाही. खाली लगेच खडक.

ही प्रतवारी मुळात देशावरच्या जिराईत शेतांसाठी बेतलेली होती. तिच्या फूटपट्टीने मावळातले, कोलवणातले, जावळी-कोयनेकडचे उतार मोजले, तर त्यांतले पुष्कळसे या तळच्या पायऱ्यांवरच जाऊन बसतील. मराठ्यांच्या राज्याची सुरुवात मात्र अशाच जमिनीच्या मुलखात झाली. म्हणून ही माती नेमकी कशी असते आणि तिच्यावर सारा बसवताना राज्यकर्त्यांची अडचण का होई, हे पाहण्यासारखे आहे.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे थर एकावर एक साचले आणि त्यांतून काळा बेसाल्ट तयार झाला. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळीभोर जमीनही याच खडकाची आणि डोंगरावरची तांबूस, खडेमिश्रित मातीही याच खडकाची. फरक पडला तो पाण्याच्या निचऱ्याने. सखल भागात पाणी रेंगाळते, चुना व इतर क्षार तिथेच राहतात आणि फुगणारी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती तयार होते. उतारावर पाणी थांबत नाही. ते क्षार धुऊन नेते, बारीक कण वाहून नेते, आणि मागे उरतात खडे, मुरूम व लोहाचा तांबडा रंग.

अशा जमिनीत पाऊस कितीही पडो, तो टिकत नाही. महाबळेश्वरावर वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस होतो, तरी डोंगरातल्या वाड्यांना वैशाखात हंडा घेऊन वणवण करावी लागते. पाणी मुरमातून झरझर खाली उतरते, अभेद्य खडकाच्या थरापाशी अडते आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यांतले पुष्कळ झरे उन्हाळ्यापूर्वीच आटतात. गडांवर खडकात खोदलेली टाकी दिसतात, त्यांचे कारण हेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एखाद्या झऱ्यावर विसंबू नये, खडक फोडून टाकी बांधावीत असा स्पष्ट उपदेश आहे. युद्धात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असेही कारण तिथे दिले आहे. तोफेचे शास्त्र काहीही असो, झऱ्याची बेभरवशी वृत्ती अमात्यांना पक्की ठाऊक होती.

या मातीला पीकही तसेच लागते. मुळाशी पाणी तुंबलेले नाचणीला सोसत नाही. उतारावरची भरड जमीन तिला मानवते. शिवाय तिचा दाणा वर्षानुवर्षे कीड न लागता टिकतो, ही गोष्ट दुष्काळाच्या आणि वेढ्याच्या काळात लहान नव्हती. अशा जमिनीला वरकस म्हणत. तिथला फेर साधारण ठरलेला असे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी किंवा सावा, तिसऱ्या वर्षी कारळे. तेवढ्यात जमिनीतला कस संपे आणि मग ती कित्येक वर्षे पड टाकावी लागे. झुडपे वाढत, पाला पडे, तो कुजे आणि पुन्हा कुदळीला जोगी माती तयार होई.

मुद्दा इथे आहे. काळ्या जमिनीचा एक बिघा म्हणजे दरवर्षी पिकणारा एक बिघा. वरकस जमिनीच्या एका बिघ्याला असा अर्थच नाही. तिथे एक तुकडा पिकवायचा तर चार तुकडे विसावलेले असावे लागतात. डोंगरातले शेत लांबीरुंदीइतकेच वर्षांनीही मोजावे लागते.

मराठा अंमलाला याची जाण असल्याच्या खुणा दिसतात. सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणीचे वर्णन येते. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब-रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. हे झाले मैदानी गणित. ठाण्याकडच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र सारा क्षेत्रावर न बसवता नांगरामागे, कुदळीमागे किंवा कोयत्यामागे घेण्याची रीत होती. ज्याच्या हाती जे अवजार, त्यावर कर. त्याने या वर्षी कोणता उतार खणला याची चौकशी नको. पड जमीन नव्याने लागवडीला आणणाऱ्यासाठी इस्ताव्याची सवलत होती. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरवर्षी थोडा चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण दर. हे सारे औदार्यच होते असे मानण्याचे कारण नाही. डोंगरातला शेतकरी जाचला तर दुसऱ्या खोऱ्यात निघून जाई, आणि माणसांवाचून त्या जमिनीची किंमत शून्य होती.

'या खडकाळ मातीने मावळा घडवला' असे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. ते कानाला गोड आहे, पण इतिहास म्हणून अपुरे आहे. हेच डोंगर आणि हीच नाचणी त्याआधी निजामशाहीत व आदिलशाहीतही होती. मातीने एवढेच केले की वर्षाचे काही महिने हातांना काम ठेवले नाही आणि घरात साठा फारसा होऊ दिला नाही. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरी हा सभासदाने सांगितलेला क्रम त्या वेळापत्रकाशी जुळतो. रिकाम्या हातांना वेतन, शिस्त आणि हेतू कोणी दिला, हा प्रश्न मातीचा नाही.

इंग्रजी अंमल आला तेव्हा गणित बदलले. आधी प्रिंगल यांनी पुणे भागात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. त्यामागे रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत होता, पण उत्पन्नाचे अंदाज फुगलेले निघाले आणि शेतकरी जमिनी सोडून गेले. त्या अनुभवानंतर १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून नवी मोजणी सुरू झाली, आणि आण्यांची प्रतबंदी तिचेच फळ. ती करणारे लोक प्रत्येक सर्व्हे नंबरात ठिकठिकाणी जमीन उकरून खोली पाहत. चुनखडी, रेती, उतार, उपळ असे दोष हेरत, दर दोषामागे वर्ग एक पायरी खाली आणत आणि शेवटी सरासरी काढत. काम चोख होते, आणि प्रिंगल यांच्यापेक्षा पुष्कळ न्याय्यही. परंतु त्या कोष्टकात खोली होती, रंग होता, पोत होता. विसाव्याच्या वर्षांसाठी रकाना नव्हता.

रकाना नसला की जमीन ओसाड दिसू लागते. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचे व्यापक अधिकार दिले, आणि झुडपांनी भरलेली पड कागदावर शेतापेक्षा रानाच्या अधिक जवळची ठरली. ठाणे-कुलाब्यात वाद पेटला तो राबावरून. भात-नाचणीची रोपे लावण्यापूर्वी वाफ्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत पसरून जाळतात, तो राब. त्यासाठी ऐनासारखी झाडे छाटावी लागत. वनखात्याला यात जंगलाची नासाडी दिसे, तर शेतकऱ्याला राबाशिवाय रोप दिसत नसे. प्रकरण इतके वाढले की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच प्रश्न खालच्या शेताच्या बाजूने मांडला. डोंगरावरचा पालापाचोळा व मेलेल्या जिवांचे कुजलेले अवशेष पूर्वी पावसाबरोबर शेतांत येत आणि जमिनीला खत मिळे. जंगलखात्याने डोंगर अडवल्यावर शेतकऱ्याचे ते साधन गेले, असा त्यांचा आरोप आहे. त्यावर त्यांनी उपायही सुचवला. पलटणीतल्या व पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. आज ज्याला मृदसंधारण म्हणतात, त्याची ही स्पष्ट मागणी होती, आणि ती शेतसाऱ्यावर टीका करणाऱ्या ग्रंथात आली हे विशेष.

राबाची बाजू प्रयोगशाळेत तपासली जायला आणखी काळ गेला. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. राखेच्या खताबरोबरच मातीला बसणाऱ्या उष्णतेचा रोपांवर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. नासाडी म्हणून हिणवलेल्या रीतीकडे शेतीशास्त्राचा विषय म्हणून पाहिले गेले. तोवर राखीव जंगलांच्या सीमा मात्र आखून झाल्या होत्या.

कोकणातल्या आणि मावळातल्या सातबाऱ्यावर आजही जिराईत, बागाईत, तरी यांच्या शेजारी 'वरकस' हा रकाना असतो. त्यापुढच्या आकाराचा आकडा पुष्कळदा काही पैशांतच संपतो.