लासलगावचा कांदा लिलाव : नित्य व्यवहाराचे अर्थशास्त्र

विवाह, शिक्षण, गुन्हा यांनाही खर्च-लाभाचे गणित लावणाऱ्या गॅरी बेकर यांना १९९२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निफाड तालुक्यातील लासलगावात हे गणित उघड्यावर मांडलेले दिसते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या बाजार समितीत ट्रॉलीभोवती व्यापारी बोली लावतात. वरचा कांदा दिसतो, तळातला नाही. शंका आली की बोली उतरते आणि चोख मालवाल्यालाही भुर्दंड बसतो. उन्हाळ कांदा चाळीत राखणे ही तर भावावरची पैजच. वजनघट आणि सड ही तिची किंमत. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याच्या जुन्या प्रथेची निव्वळ श्रद्धा म्हणून बोळवण करता येत नाही : सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या सुटीमुळे कोणाचा हेलपाटा होत नसे. याउलट, ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्यावर अचानक निर्यातबंदी येताच संतप्त शेतकऱ्यांनी येथील लिलाव बंद पाडले.